साळूबाईची रेकॉर्ड दिवसा लावली तेव्हा

१

भांडण जमिनीचं असतं, बांधाचं असतं, गेलाबाजार सोसायटीच्या निवडणुकीचं तरी असतं. शेवगावच्या भिमाजी भोंगेवाल्याच्या गोदामात दर रविवारी दुपारी पेटायचं ते भांडण मात्र रेकॉर्डींचं. तेही सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी या तीन सालांतल्याच. तीनच का, तर भिमाजीचा सिद्धांत ठरलेला होता. आणीबाणीत अख्ख्या देशाच्या तोंडावर हात होता, तो उठला आणि जो तो कोंडलेला श्वास सोडावा तसा गायला लागला. चांगलं म्हणून जे काय गाऊन व्हायचं ते त्या तीन वर्षांत झालं, पुढं नुसतं उष्टंखरकटं. विद्वानांनी यावर खुशाल वाद घालावा. भिमाजी सातवीला तीनदा बसलेला माणूस. तो वाद घालत नसे, निकाल देत असे.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबट खोली. एका भिंतीला कांद्याच्या क्रेटमध्ये उभ्या लावलेल्या एलपी रेकॉर्डी. समोरच्या भिंतीला जुने भोंगे, सगळ्यांची तोंडं खोलीकडं. डीजे आला आणि भोंगे निवृत्त झाले, पण भिमाजीनं एकही मोडीत घातला नाही. बसलेत बिचारे ऐकत, म्हणायचा.

भांडायला येणारी माणसं दोन. एक कल्याण गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची रेकॉर्ड ख्यालाची. एका बाजूला एकच राग, अर्धा तास, आणि गुरुजी डोळे मिटून. ते ऐकतात की झोपतात याची परीक्षा म्हणून भिमाजीनं एकदा त्या कव्हरात वरातीच्या बँडची रेकॉर्ड घालून ठेवली होती. गुरुजींनी बऱ्याच वेळानं "वा" म्हटलं. ही गोष्ट भिमाजीनं सबंध तालुक्याला सांगितली, काहींना दोनदा.

दुसऱ्या रोहिणीताई. श्रीरामपूरच्या, निवृत्त नर्स, चर्चच्या गायन मंडळात गाणाऱ्या. एसटीनं यायच्या, पिशवीत दोन रेकॉर्डी घेऊन. वर येशूची भजनं, पेटी-ढोलकीवर, अभंगाच्या चालीत. तिच्याखाली भावानं दुबईहून आणलेली जर्मन नाचाची रेकॉर्ड. गुरुजी म्हणायचे, बाई, तुमच्या पिशवीत स्वर्ग आणि नरक एकाच घडीत. ताई म्हणायच्या, ठेका दोन्हीचा धरून बघा, गुडघा कुठं हलतो ते देवाला सांगा.

आणि भिमाजीची रेकॉर्ड साळूबाई आराधिणीची. अठ्ठ्याहत्तर साली एका वाडीच्या यात्रेत, रात्री, हजार माणसांपुढं सांगितलेली कहाणी, जशीच्या तशी तबकडीवर उतरवलेली. साळूबाई सांगते, तिची बहीण हुंकार देते. "हं." "मग?" त्या यात्रेत भोंगा भिमाजीचा होता, आयुष्यातला पहिला. त्यामुळं तो छातीवर हात मारून सांगायचा की गोष्ट कुणीबी ऐकतं, मी गोष्टीच्या मागचं ऐकतो. आणि ते खरंच होतं. कुठल्या वाक्यानंतर बैलाची घंटा वाजते, कुठं पोर रडतं आणि त्याला धपाटा बसतो, कुठं भेळवाला ओरडतो, सगळं त्याला पाठ. कुठलाही आवाज त्यानं एकदा ऐकला की संपलं, माणूस अंधारात खोकला तरी नाव सांगायचा. जिल्ह्यात असा कान दुसरा नाही, असं त्याचं मत होतं, आणि खोटं बोलायचं नाही तर जिल्ह्याचंही होतं.

२

त्या रविवारी त्याची धाकटी बहीण रतनबाई लग्नाची पत्रिका घेऊन आली. सोबत तिची पूजा, म्हणजे ज्या भाचीचं लग्न ती. पूजा पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करते, नवरदेव देवळाली प्रवरेचा, लग्न तिकडंच. भिमाजीला मूलबाळ नाही. भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहायचं, या एका कामासाठी आपण सत्तरीपर्यंत टिकलो असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. फेटा दिवाळीतच आणून ठेवलेला. कवळीसुद्धा नवी बसवली होती, का तर फोटोत गाल बसलेले दिसू नयेत. त्या कवळीमुळं 'स' म्हणताना बारीक शीळ वाजायची. रोहिणीताई म्हणायच्या, तुमच्या तोंडात आता बासरी पण आहे.

पूजा आलीय म्हटल्यावर भिमाजीला चेव आला. म्हणाला, आज निकाल लावू, तीन सालांतली एक नंबरची रेकॉर्ड कोणती ते हिनं ठरवायचं. एरवी सगळ्यांच्या शेवटी, दिवेलागण झाल्यावर लागणारी साळूबाई त्यानं दुपारीच बाहेर काढली.

रतनबाई म्हणाली, "दादा, दिवसा कहानी नको लावू. मामा वाट चुकतो."

"कुनाचा मामा?"

"हिचा. म्हंजे तूच की."

भिमाजी इतका हसला की कवळी हातात धरावी लागली. म्हणाला, रतन, साळूबाईनं गोष्ट रात्री सांगितली, तबकडी फिरती दिवसा, यात तिचा काय गुन्हा? अन् पूजे, लहानपनी देत हुतीस तसा हुंकार दे. हुंकाराबिगर गोष्ट अडती.

पूजा हसत बसली आणि साळूबाईच्या बहिणीबरोबर "हं, हं" करू लागली. पत्रा तापलेला, बाहेर एसटी स्टँडची घोषणा, आत हजार माणसांची रात्र. बैलाची घंटा वाजली. पोर रडलं. धपाटा बसला. आता भेळवाला, असं सांगायला भिमाजीनं बोट वर केलं.

भेळवाल्याच्या आधी कुणीतरी म्हणालं, "आवं..."

लांबून. गर्दीच्याही मागून. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. मग भेळवाला ओरडला आणि गोष्ट पुढं गेली.

भिमाजीचं बोट वरच राहिलं. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, कारण बाकीचे गोष्ट ऐकत होते.

३

सुई, भिमाजीनं ठरवलं. गेल्या महिन्यात पुण्याहून नवी सुई मागवली होती, ती खाचेच्या तळापर्यंत जात असेल, जुनी वरवर चरत असेल. शहाणा खुलासा होता. दिवेलागण झाल्यावर त्यानं तीच रेकॉर्ड, त्याच सुईनं लावली. घंटा, पोर, धपाटा, भेळवाला. मधे कुणी नाही.

सोमवारी दुपारी, जेवण झाल्यावर लावली.

"आवं बाई..."

आता तो आवाज गर्दीच्या मागं नव्हता, गर्दीत होता. माणसं जराशी बाजूला सरकल्यासारखी कुजबुज झाली. कुणीतरी त्याला वाट देत होतं.

मग भिमाजीनं व्होल्टेजला धरलं. दिवसा शेतातल्या मोटारी चालतात, व्होल्टेज पडतं, तबकडी जड फिरते, कोणतातरी आवाज ओढून माणसासारखा होतो. हाही शहाणा खुलासा. पण व्होल्टेज पडलं तर साळूबाईचा आवाजही जाड व्हायला पाहिजे, तो तर तसाच खणखणीत. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली नाही, कारण ती सांगायची त्याला लाज वाटली. आवाज कुणाचा ते त्याला कळेना. अंधारातला खोकला ओळखणारा हा माणूस दोन दिवस त्या एका "आवं"वर बसून राहिला. ओळखीचा वाटायचा. अगदी जिभेवर आल्यासारखा. तालुक्यातले सगळे म्हातारे, जिते आणि मेलेले, त्यानं मनातल्या मनात एकेक करून बोलवून बघितले. एकाचाही तो आवाज नव्हता.

मंगळवारी त्यानं भोंग्यांची तोंडं भिंतीकडं फिरवली. उगीच. धूळ बसते म्हणून.

४

पुढच्या रविवारी तो मुद्दाम काही बोलला नाही. गुरुजींचा ख्याल झाला. ताईंची भजनं झाली, मग नाच झाला. त्या नाचाच्या ठेक्यात माणूस आहे की यंत्र यावर दोघांची जुंपली. गुरुजी म्हणत होते की न थकणारा हात माणसाचा नसतो. ताई म्हणत होत्या, गुरुजी, नर्सची नोकरी करून बघायची होती.

भिमाजीनं साळूबाई लावली.

घंटा वाजली, पोर रडलं, धपाटा बसला. आणि मग अगदी माईकशेजारी, साळूबाईच्या खांद्याशी उभं राहून बोलावं तसा तो म्हातारा म्हणाला, "आवं बाई, लग्नाच्या मांडवाकडं कसं जायाचं? माझी भाची खोळंबलीय."

'कसं'मधला 'स' शीळ घालत गेला.

साळूबाईची बहीण म्हणाली, "मग?"

भेळवाला ओरडला. भिमाजीनं सुई उचलली आणि दोघांकडं बघितलं. आता तरी या शिकलेल्यांनी सांगावं हा कोण, असं त्याला म्हणायचं होतं. पण गुरुजी जमिनीकडं बघत होते आणि रोहिणीताईंनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता.

"भिमाजीभाऊ, चिडू नका," ताई म्हणाल्या. "हा आवाज तुमचा आहे."

भिमाजीला आधी हसू आलं. थट्टेची परतफेड म्हणून चांगली होती, वरातीच्या बँडपेक्षाही. म्हणाला, अठ्ठ्याहत्तर सालात मी पंचविशीच्या आतला गडी, माझा आवाज असा घोगरा व्हईल व्हय?

"तेव्हाचा नाही," गुरुजी म्हणाले. "आत्ताचा."

मग त्यांनी शाळेत समजवावं तसं हळू समजावलं. माणूस आपला आवाज आतून ऐकतो, बाहेरून नाही. म्हणून सगळे ओळखशील भिमाजी, तो एक ओळखणार नाहीस. तू जन्मभर माईक धरलास, पण भोंगा पुढच्याला ऐकू येतो, मागच्याला नाही.

भिमाजीनं रेकॉर्ड कव्हरात घातली. कव्हरावर साळूबाईचा फोटो, मागं यात्रेची गर्दी, सगळी तोंडं ठिपक्याएवढी. त्यानं चष्मा लावून बघितलं नाही. बघणार होता, पण लावला नाही.

५

रोहिणीताईंनी रतनबाईला फोन केला तो केलाच. रतनबाईचा निरोपावर निरोप, दादा, आदल्या दिवशीच ये, नाहीतर गाडी पाठवते. भिमाजीचा ताठा असा की गाडी पाठवलीस तर रस्त्यातनं परत पाठवीन. जिल्ह्यात अशी वाट दाखव जिथनं माझा भोंगा गेला न्हाई. शेवगाव ते देवळाली म्हणजे माझ्या घरचं अंगण. अन् मामा आदल्या दिवशी जाऊन मुलाकडच्यांच्या गादीवर लोळत न्हाई, मामा वाजतगाजत येतो.

वाजतगाजत म्हणजे, त्यानं दोन भोंगे पुसले, छोट्या टेम्पोच्या टपावर बांधले, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, भगवा फेटा चापून बांधला आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत निघाला. मुहूर्त दुपारचा. म्हणजे चहा तीन ठिकाणी घेतला तरी तासभर आधी पोचणार. एक गोष्ट मात्र त्यानं मनाशी पक्की केली होती. काहीही झालं तरी वाट कुणाला विचारायची नाही. रेकॉर्डीत जो विचारतो तो विचारू दे. भिमाजी विचारणार नाही. विचारलंच नाही तर तो आवाज आपला कसा होईल? असा बिनतोड मुद्दा गुरुजींनासुद्धा सुचला नसता, आणि या मुद्द्याचा भिमाजीला फार अभिमान वाटला.

नेवाशापर्यंत त्यानं शीळ घातली. श्रीरामपूरला चहा घेतला, चहावाल्यानं फेट्याकडं बघून विचारलं, लगीन तुमचं का काय? भिमाजी खूष. श्रीरामपूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस आला. इथून देवळाली म्हणजे चिलीम विझायच्या आत.

ऊस संपेना.

रस्ता तोच होता. डांबर, कडेला मुरूम, मधे उसाच्या ट्रॅक्टरमधून पडलेल्या कांड्या. फक्त कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. हंगामाचे दिवस, कारखान्याची वाहनं रांगेनं असायची, एक नाही. मोबाईल म्हणत होता की पुढं सरळ जा. भिमाजी सरळ गेला. ऊन डोक्यावर आलं. मोबाईल अजूनही सरळच म्हणत होता.

त्यानं टेम्पो बंद केला. तेव्हा त्याला कळलं की मघापासूनची चरचर इंजिनाची नव्हती. इंजिन थांबलं, चरचर चालू राहिली. गोल गोल, थोडी पुढं, थोडी मागं. रेकॉर्डीचं गाणं संपून सुई नुसती फिरत राहते, तेव्हाची ती चरचर. कुठून येते ते त्याला शोधावं लागलं नाही. टपावरच्या दोन भोंग्यांतून येत होती. भोंगे कशालाच जोडलेले नव्हते.

उसात बैलाची घंटा वाजली.

मग पोर रडलं. भिमाजीनं कानावर हात ठेवले, तरी धपाटा ऐकू आला.

आता एक जागा रिकामी होती, आणि ती कशासाठी रिकामी आहे ते साऱ्या जगात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो दात आवळून गप्प बसला. किती वेळ बसला कोण जाणे. भेळवाला ओरडेना. चरचर थांबेना. ऊन मात्र डोक्यावरून पलीकडं कलायला लागलं. तिकडं पूजा पिवळी साडी नेसून उभी असेल, भटजी घड्याळ बघत असतील, रतन वाटेकडं बघत असेल. म्हणत असेल, मी सांगितलं होतं.

उसाच्या कडेला एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर ओढलेला, तोंड दिसत नव्हतं. कधीपासून उभी होती ते सांगता येत नाही.

माणसानं ताठा कुठवर धरावा? जिथवर तो आपल्या एकट्याचा आहे तिथवर. भिमाजी खाली उतरला.

"आवं बाई," तो म्हणाला, "लग्नाच्या मांडवाकडं कसं जायाचं? माझी भाची खोळंबलीय."

शीळ वाजली.

बाईनं हात केला नाही, मान हलवली नाही. पदराआडून म्हणाली, "मग?"

तो हुंकार भिमाजीला पाठ होता, पण सवय वाईट. हुंकार मिळाला की सांगणारा सांगत जातो. तो म्हणाला, मग काय, मामा पाठीशी न्हाई तर पोरगी बोहल्यावर एकटी पडंल.

"हं."

एवढंच. कुठंतरी फार लांब भेळवाला ओरडला, चरचर थांबली, आणि पुढच्या वळणावर देवळालीचं मंगल कार्यालय दिसायला लागलं. केळीचे खांब बांधलेले, गाड्या लावलेल्या. वळण मघाशी तिथं नव्हतं, असं त्याला वाटलं. पण वाटण्याला वेळ कुठं होता?

६

मंगलाष्टका सुरू झालेल्या होत्या. भिमाजी फेटा सावरत आत शिरला. आवारात खुर्च्या भरलेल्या, माणसं उभी, हातात अक्षता. दारातून मांडवापर्यंत पाठीच पाठी. त्यांच्यातून वाट काढत तो निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला.

बोहल्यावर अंतरपाट धरलेला होता. अलीकडं पूजा, पिवळी साडी, मुंडावळ्या. आणि पूजेच्या पाठीशी मामा उभा होता.

पाठ दिसत होती. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी पाठीवर तशीच. भगवा फेटा, उजवीकडं किंचित झुकलेला, भिमाजी बांधतो तसा. दोन्ही तळवे भाचीच्या दंडाला हलकेच टेकलेले. पूजा मान मागं करून त्याला काहीतरी म्हणाली, आणि हसली. लहानपणी हुंकार देता देता हसायची तशी.

भिमाजीला हाक मारायची होती. पण भर मंगलाष्टकात हाक मारायची कुणाला? पूजेला, की त्याला? आणि त्यानं मान वळवली तर? आपला आवाज आपल्याला ओळखता आला नाही. तोंड ओळखता येईल याची खात्री काय?

तो बघत राहिला. भीती वाटत होती, हे खरं. पण खरं ते सगळंच सांगावं लागतं. बघता बघता त्याची छाती भरून आली. काय उभा होता गडी! पाठीचा कणा सरळ, खांदे रुंद, भाचीला वारा लागू देणार नाही असा. साऱ्या मांडवात तसा मामा दुसरा नव्हता. शेजारचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणतही होता की मामा असावा तर असा, सकाळपासनं पाणीबी न पिता राबतोय.

सकाळपासून.

गर्दीतून रतनबाई अक्षतांचं ताट घेऊन येत होती, ज्यांचे हात रिकामे त्यांना वाटत. नव्या लुगड्यात, डोळे ओले, चेहऱ्यावर काळजीचा ठिपका नाही. भिमाजीसमोर आली. त्याच्या फेट्याकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. मूठभर अक्षता त्याच्या हातावर ठेवल्या आणि लग्नघरची बाई ज्या गोडीनं विचारते त्या गोडीनं तिनं विचारलं,

"उशीर झाला जनू. कुनाकडचं म्हनायचं पाव्हनं?"